‘मी डबा आणलो’ यात चुकलं काय? प्रयोग समजून घेऊया

इअरफोन लावून ऐकत असाल तर उत्तमच. बसच्या गोंगाटात ऐकू येत नाही म्हणून वाचत असाल, तर हा त्याच भागाचा मजकूर.

आज सुरुवात एका वाक्यापासून. मी सोलापूरचा. बारावीनंतर पुण्यात हॉस्टेलवर राहायला आलो. पहिल्याच आठवड्यात रूमवर सगळ्यांना म्हणालो, "आज मी डबा आणलो की." क्षणभर शांतता आणि मग जो काय हशा! "अरे आणलो काय? आणला म्हण, आणला!" पुढे कित्येक महिने माझं नावच ‘आणलो’ पडलं होतं. पोरं वाईट नव्हती. पण तेव्हापासून चारचौघांत तोंड उघडायच्या आधी मी वाक्य मनात दोनदा जुळवायला लागलो. कधीकधी तर गप्पच बसलो.

‘आणला’च का, ‘आणलो’ का नाही, हे मात्र कुणी सांगितलं नाही. मीही विचारलं नाही. उत्तर शाळेत घोकलेल्या एका शब्दात होतं: प्रयोग.

क्रियापद कुणाचं ऐकतं?

प्रयोग म्हणजे एवढंच, की वाक्यातलं क्रियापद कुणाप्रमाणे बदलतं ते बघायचं. कर्त्याप्रमाणे, कर्माप्रमाणे, की कुणाप्रमाणेच नाही?

"राहुल गाणं ऐकतो." राहुलच्या जागी स्नेहा आली की "स्नेहा गाणं ऐकते." गाण्याऐवजी बातमी ठेवली, तरी ‘ऐकते’ तसंच राहतं. म्हणजे क्रियापद कर्त्याचं ऐकतं. हा कर्तरी प्रयोग.

आता भूतकाळात जाऊ. "राहुलने गाणं ऐकलं." स्नेहा आली तरी "स्नेहाने गाणं ऐकलं." काही बदललं नाही. पण कर्म बदला: बातमी ऐकली, पॉडकास्ट ऐकला, गाणी ऐकली. इथे क्रियापदाने पक्ष बदलला, ते कर्माचं ऐकायला लागलं. हा कर्मणी प्रयोग.

तिसरा प्रकार: "राहुलने स्नेहाला बोलावलं." स्नेहाने राहुलला बोलावलं, सरांनी मुलांना बोलावलं. कुणीही कुणालाही बोलवा, ‘बोलावलं’ जागचं हलत नाही. कर्त्याला ‘ने’ लागला, कर्माला ‘ला’ लागला, आणि क्रियापद नपुंसकलिंगी एकवचनात थांबून राहिलं. हा भावे प्रयोग.

‘मी’ फसवतो

स्पर्धा परीक्षेत ‘प्रयोग ओळखा’ आलं की "मी आंबा खाल्ला" इथे बरेच जण घसरतात. ‘मी’ला ‘ने’ दिसत नाही, म्हणून कर्तरी लिहून मोकळे होतात. सोपी युक्ती सांगतो: ‘मी’ काढून तिथे एखादं नाव ठेवा. "राहुलने आंबा खाल्ला." ‘ने’ लगेच बाहेर आला! आता आंब्याच्या जागी पोळी ठेवा: "मी पोळी खाल्ली." म्हणजे कर्मणी.

जुन्या मराठीत हा ‘ने’ लपलेला नव्हता. तेव्हा ‘म्यां केले’, ‘त्वां केले’ अशी वेगळी रूपं होती. त्याच्याही मागे संस्कृतातलं ‘मया कृतम्’ आहे, म्हणजे ‘माझ्याकडून केलेलं’. केलेली वस्तू महत्त्वाची, म्हणून क्रियापद तिच्या मागे. आपल्या भूतकाळाची ही सवय तिथून आली. आज ‘म्यां’ जाऊन ‘मी’ उरला, सवय मात्र तशीच राहिली.

मग माझं ‘आणलो’?

"मी डबा आणला" यात क्रियापद डब्याचं ऐकतं. "मी डबा आणलो" यात ते माझं ऐकतं. प्रमाण मराठी जिथे कर्मणी वापरते, तिथे आम्ही कर्तरी वापरतो. फरक एवढाच!

याला कारणही दिसतं. सोलापुरात मराठीच्या शेजारी कन्नड आणि तेलुगू नांदतात. कन्नडमध्ये ‘मी केलं’ला ‘माडिदे’ आणि ‘तिने केलं’ला ‘माडिदळु’ म्हणतात. काय केलं याच्याशी क्रियापदाला देणंघेणं नाही, कुणी केलं एवढंच ते बघतं. पिढ्यान्‌पिढ्या अशा शेजारात राहिल्यावर भाषेने एकमेकींकडून थोडं काही उचललं, तर नवल काय?

आता खरी गंमत. पुण्यातला माझा रूममेट रोज म्हणायचा, "मी चहा प्यायलो." चहा हे कर्म आहे, भूतकाळ आहे, मग नियमाने "मी चहा प्यायला" हवं ना? पण तो तसं म्हणायचा नाही. "मी मराठी शिकलो", "मी छत्री विसरलो" हीसुद्धा तशीच वाक्यं, आणि ती प्रमाण मराठीत चालतात. पिणे, शिकणे, विसरणे, म्हणणे अशी काही क्रियापदं भूतकाळातही कर्त्याचंच ऐकतात. आम्ही तीच चाल ‘आणणे’ आणि ‘करणे’ला लावतो.

आणखी एक. "तू पोळी खाल्लीस." यातलं ‘खाल्ली’ पोळीचं, आणि शेवटचा ‘स’ तुझा! एकच क्रियापद दोघांचं ऐकतं. व्याकरणात याला संकर प्रयोग म्हणतात. म्हणजे सरमिसळ प्रमाण भाषेतही आहेच.

मग वापरायचं काय?

परीक्षेत, अर्जात, ऑफिसच्या मेलमध्ये प्रमाण रूपच लिहा: "मी काम केलं." ते सगळ्यांनी मिळून मान्य केलेलं रूप आहे, आणि तिथे मार्क जाऊ शकतात. मीही तसंच लिहितो. पण घरी आईचा फोन आला की आजही सांगतो, "जेवण केलो, आई." त्यात लाजण्यासारखं काही नाही, हे कळायला मला फार उशीर लागला. तुम्हाला लागू नये म्हणून हा भाग.

आता गृहपाठ. आज पाठवलेला शेवटचा मेसेज उघडा, एक क्रियापद निवडा आणि बघा, ते कुणाचं ऐकतंय? आणि तुमच्या गावाकडचं असं एखादं वाक्य असेल, ज्यावर कुणी हसलं होतं, तर व्हॉइस नोट करून नक्की पाठवा. तुमच्या आवाजात ऐकायला आवडेल. भेटू पुढच्या भागात!