स्वित्झर्लंडला जाल तेव्हा...

स्वित्झर्लंड म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे काय येतं? चॉकलेट, घड्याळं आणि बर्फात गाणी म्हणणारे सिनेमातले नायक-नायिका! हो ना? पण त्या डोंगराळ देशात याहून मजेच्या गोष्टी आहेत, आणि त्यांतल्या काही तर अगदी फुकट! (आई-बाबांनी हे वाक्य दोनदा वाचावं.)

पहिली गंमत रेल्वे स्टेशनावरच आहे. तिथल्या घड्याळाचा लाल सेकंदकाटा नीट बघा. तो साधारण साडेअठ्ठावन्न सेकंदांतच फेरी पुरी करतो आणि १२ वर चक्क थबकतो! मिनिटकाटा टुणकन पुढे उडी मारतो, की हा परत निघतो. सगळ्या स्टेशनांवरची घड्याळं एकाच वेळी मिनिट बदलावीत म्हणून ही युक्ती. हान्स हिल्फिकर नावाच्या इंजिनिअरने १९४४ साली हे घड्याळ तयार केलं.

मग गाडीत बसा. पण साधी नव्हे, दातेरी गाडी! चढ फार असला की गुळगुळीत रुळांवरून चाकं घसरतात. म्हणून दोन रुळांच्या मध्ये दाते असलेली पट्टी बसवतात आणि गाडीखालचं दातेरी चाक त्यात अडकत अडकत वर चढतं. युरोपातली अशी पहिली गाडी १८७१ साली रिगी डोंगरावर धावली. पिलाटुस डोंगरावरची गाडी तर जगात सर्वांत तीव्र चढ चढते. काही ठिकाणी १०० मीटर पुढे जाताना ती ४८ मीटर वर चढलेली असते! आपल्याकडे उटीच्या गाडीलाही असेच दाते आहेत. ती पद्धत रोमान आब्ट या स्विस इंजिनिअरची.

युंगफ्राउयोखचं स्टेशन ३४५४ मीटर उंचीवर आहे. म्हणजे आपल्या कळसूबाईच्या दुपटीहून उंच! डोंगराच्या पोटातून बोगदा खणत तिथवर पोचायला १८९६ ते १९१२ अशी सोळा वर्षं लागली. ज्यांच्या डोक्यातून ही कल्पना निघाली, ते आडोल्फ गुयर-त्सेलर १८९९ मध्येच वारले. वर हवा विरळ असते. धावपळ केलीत तर डोकं दुखेल, तेव्हा सावकाश चाला हं! तिथून आलेच हिमनदी दिसते. आल्प्समधली ही सर्वांत लांब हिमनदी, सुमारे २० किलोमीटरची.

पण मला विचाराल, तर खरी मजा पायी फिरण्यात आहे. वाटेवाटेवर पिवळ्या पाट्या असतात आणि त्यांवर बहुधा किलोमीटर नसतात, वेळ असते! अमुक गाव दीड तास, तमुक खिंड तीन तास. त्यात विश्रांती धरलेली नसते बरं का! डबा खायचा वेळ आपला आपण मिळवायचा. गावातल्या हौदांचं पाणीही बहुतेक ठिकाणी पिता येतं. फक्त 'काइन ट्रिंकवासर' असं लिहिलेलं असेल, तर ते प्यायचं नाही.

अशीच एक वाट पूर्वेकडच्या मोर्टेराच स्टेशनापासून हिमनदीकडे जाते. ती मुळीच चुकवू नका. या वाटेवर सालं लिहिलेल्या खुणा आहेत. त्या त्या साली हिमनदी कुठपर्यंत होती, ते त्या दाखवतात. हिमनदीचा हिशेब बँकेच्या खात्यासारखाच. हिवाळ्यात वर बर्फ जमा होतो, उन्हाळ्यात खाली वितळतो. जमेपेक्षा खर्च वाढला, की तिचं टोक डोंगरात मागे मागे सरकतं. पृथ्वी तापत चालल्याने सध्या खर्चच फार आहे. २०२२ आणि २०२३ या दोनच वर्षांत स्वित्झर्लंडच्या हिमनद्यांतला सुमारे दहा टक्के बर्फ गेला. ऱ्होन नदी जिथे उगम पावते, त्या हिमनदीच्या काही भागावर अलीकडे उन्हाळ्यात पांढरी जाड कापडं पांघरली गेली. लहान बाळाला उन्हात झाकून नेतात, तसंच!

मोर्टेराचच्या वाटेवर सुरुवातीला खापरपणजोबांच्या काळातली सालं लागतात. आजोबांच्या जन्मसालाजवळची खूण सापडते का बघा. मग आईची, मग तुमची. दर दोन खुणांमधली पावलं मोजून वहीत लिहा. कुठल्या दहा वर्षांत हिमनदी जास्त पळाली, ते घरी आलेख काढून बाबांना दाखवा. तुमच्या सालाची खूण मागे पडली, तरी बर्फ अजून लांबच असेल. मात्र जिथे वाट संपते तिथेच थांबा. वितळत्या बर्फातून दगड केव्हा सुटतील, याचा नेम नसतो.