रुग्ण घटले म्हणून काम थांबवू नका

टांझानियाच्या किनाऱ्यासमोरच्या झांझिबार बेटांवर हिवताप एकदा नव्हे, दोनदा आटोक्यात आला. १९५७ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीने घरोघरी डीडीटीची फवारणी सुरू झाली. रुग्ण घटले, १९६८ साली मोहीम गुंडाळली गेली आणि पुढच्या दशकात आजार पुन्हा फोफावला. दुसऱ्या खेपेला २००३पासून आर्टेमिसिनिनयुक्त औषधे मोफत मिळू लागली, पाठोपाठ कीटकनाशक लावलेल्या मच्छरदाण्या आणि भिंतींवरची फवारणी आली. काही वर्षांतच रक्तात परजीवी सापडणाऱ्यांचे प्रमाण एक टक्क्याच्या आसपास उतरले. मग आता एवढा खर्च कशाला, असे कोणीही विचारेल. पण हिवतापाचे सर्वांत चिकाटीचे काम रुग्ण कमी झाल्यावरच सुरू होते.

दवाखान्यात आलेल्या तापाच्या रुग्णाच्या बोटाला सुई टोचतात, रक्ताचा थेंब चाचणीच्या पट्टीवर घेतात, वर द्रावण सोडतात आणि पंधरा-वीस मिनिटे थांबतात. नियंत्रणाची रेघ एकटीच उमटली तर चाचणी नीट झाली आणि हिवताप सापडला नाही, एवढाच अर्थ. जोडीला दुसरी रेघ आली की हिवताप. लगेच मोबाइलवरून खबर जाते. जिल्ह्याचा सर्वेक्षण अधिकारी मोटारसायकलवरून रुग्णाचे घर गाठतो आणि धडधाकट दिसणाऱ्यांसकट घरातल्या सगळ्यांचे रक्त तपासतो. मच्छरदाणी वापरता का, कोणी परगावी जाऊन आले का, हेही विचारतो. एका रुग्णापायी एवढी धावपळ अतिरेकी वाटेल. पण ताप नसताना परजीवी अंगात बाळगणारी माणसेच रोगाची साखळी जिवंत ठेवतात.

मुख्य भूमीवरून माणसांची ये-जा चालूच असते, रोग बाहेरून येतच राहणार, हा आक्षेप खरा आहे. मात्र त्यातून निघणारा निष्कर्ष उलटा. डास बेटांवर आहेतच, आणि संसर्ग विरळ झाल्याने लोकांची प्रतिकारशक्तीही ओसरते. अशा वेळी नजरेतून निसटलेला एक रुग्णही महागात पडू शकतो. दुसरा आक्षेप अधिक वजनदार: काही डास घराबाहेरच चावतात, तिथे मच्छरदाणी काय करणार? फारसे नाही. म्हणूनच तर रुग्णामागोमाग त्याच्या घरापर्यंत जाण्याला पर्याय उरत नाही.

भारतालाही हा धडा मिळाला आहे. १९६०च्या दशकात लाखाच्या आसपास आलेली वार्षिक रुग्णसंख्या १९७६ साली ६४ लाखांवर गेली. झांझिबारला काटकसर करायचीच असेल, तर त्या मोटारसायकलच्या पेट्रोलला हात सर्वांत शेवटी लावावा.