मण्यांची झालर: मोशीतला एक दिवस

सकाळी ६
पुणे-नाशिक रस्त्यावर चाकणकडे निघालेल्या कंपन्यांच्या बसची रांग लागते. यजमानांना पहिल्या पाळीचा डबा देऊन, पाणी भरून मी घरातलं उरकून घेते.

सकाळी ८.३०
खिडकीत ऊन आलं की झालरीच्या कानातल्यांसाठी मणी निवडायला बसते. रंग दिवसाउजेडीच जुळवावेत. ट्यूबलाइटखाली मोरपंखी आणि हिरवा एकच दिसतो. पुण्यात बोहरी आळीत काचेचे बारीक मणी वजनावर मिळतात. ते स्वस्त, पण त्यांत लहानमोठे खूप निघतात. जपानच्या हिरोशिमा प्रांतातल्या मियुकी कंपनीचे ‘डेलिका’ महाग, पण एकसारखे. ११ नंबरचा मणी जेमतेम १.६ मिलिमीटर रुंद. झालरीला मी हेच घेते. तरीही ताटलीत पसरून चिरलेले बाजूला काढतेच, कारण चिरलेल्या मण्याची कड दोरा कापते.

सकाळी १०
आधी वरचा त्रिकोण. पायाला ११ मणी, मग प्रत्येक ओळीत एक कमी. भिंतीतल्या विटेसारखा प्रत्येक मणी खालच्या दोघांच्या सांध्यावर बसतो. टोकाशी हुकासाठी कडी. दोरा एका वावेपेक्षा लांब घेत नाही, गुंता होतो. त्याला मेण लावते.

सकाळी ११.३०
आता झालर. पायाच्या प्रत्येक मण्याखाली एक सर: कडेला १५ मणी, पुढे तीन-तीन वाढत मधे ३०, पलीकडे पुन्हा उतरत. एका कानाच्या झालरीत २४० मणी.

सर ओवली की शेवटचा मणी सोडायचा आणि सुई बाकी सगळ्यांतून परत वर काढायची. तो एक मणी सगळी सर पेलतो. त्याला चिमटीत धरून दोरा हळू ओढायचा. सैल राहिला तर वर उघडा दोरा दिसतो. जास्त ओढला तर सर ताठ होते, डुलत नाही. ताण बोटांना कळतो तेवढाच. म्हणून घाईत असेन तेव्हा झालर हातात घेत नाही.

दुपारी ४
शेजारची मुलगी शिकायला येते. “ताई, माझी सर वाकडी का झाली?”
“दोऱ्यातून सुई गेली बघ. उसव तेवढी.”
उसवायचा कंटाळा करत नाही, म्हणून ही पोर चांगली शिकेल.

संध्याकाळी ६
दुसरा कान पुरा होतो. दोऱ्याची टोकं त्रिकोणात फिरवून जिरवते, पकडीने हुक बसवते. दोन्ही कान शेजारी टांगून पाहते. यजमान कंपनीत क्वालिटीला आहेत. सरी पट्टीवर मोजून “पास” म्हणतात, तेव्हा मला बरं वाटतं.

रात्री ९
वहीत मण्यांच्या किमतीखाली तास लिहिते. महापालिकेच्या पवनाथडी जत्रेत बचत गटांचे स्टॉल असतात, तिथे बाया विचारतात, “मण्यांचे एवढे पैसे?” मणी दोन-चार ग्रॅमचेच, ताई. दिवस माझा आहे, आणि दाम त्या दिवसाचं. घेण्याआधी जोडी हलवून बघा: प्रत्येक सर सुटी डुलली आणि दोरा कुठेच दिसला नाही, तर दाम द्यायला कचरू नका.