परीक्षण लिहायचं, सारांश नव्हे

अंबाजोगाईत एम. ए. मराठीच्या वर्गाला ग्रंथपरीक्षण लिहायला दिलं की पहिल्या खेपेला सगळ्या वह्या सारख्याच निघतात. पहिल्या प्रकरणात लेखक असं म्हणतात, दुसऱ्यात तसं म्हणतात, आणि शेवटी पुस्तक ‘वाचनीय व संग्राह्य’. एवढ्या मोठ्या माणसाला प्रश्न कसा विचारायचा, ही मुलांची भीड. त्यात पुस्तक डॉ. रा. चिं. ढेरे यांचं, 1987 साली साहित्य अकादमी पुरस्कार मिळालेलं ‘श्रीविठ्ठल : एक महासमन्वय’ असलं, तर बोलायलाच नको.

मग मी वहीच्या पानाला मधोमध घडी घालायला लावते. डावीकडे लेखकाचा दावा, उजवीकडे त्याचा पुरावा. ढेरे यांचा मुख्य दावा एका ओळीत मावतो : विठ्ठल हा मुळात गवळी-धनगरांचा देव, त्याला वैष्णव रूप पुढे आलं. उजवी बाजू मात्र पानामागून पानं भरत जाते. शिलालेख, स्थलपुराणं, धनगरांच्या कथा, पट्टणकोडोलीचे विठ्ठल-बिरदेव, तिरुपतीच्या वेंकटेशाशी असलेलं साम्य. खरं काम इथून सुरू होतं. शिलालेखाचा काळ बहुधा ठरवता येतो. पण आज तोंडी सांगितली जाणारी कथा किती जुनी, हे कशावरून ठरवायचं? स्थलपुराण कोणी रचलं, कोणासाठी? प्रत्येक नोंदीपुढे हे प्रश्न लिहायचे आणि लेखकानं त्यांची उत्तरं कुठे दिली आहेत ते शोधायचं.

एका धनगर घरातल्या मुलानं समासात लिहिलं होतं, ‘आमच्या आजीच्या ओव्यांत बिरोबा-विठोबा भाऊ आहेत.’ मी विचारलं, आजीनं त्या कुठे ऐकल्या? कोणाकडून? त्यानं तिथूनच फोन लावला आणि ओव्या उतरवून घेतल्या. त्या ओव्यांनी ढेरे यांचा दावा सिद्ध होत नाही. पण परीक्षणात ती नोंद हवीच, कारण ती त्याच्याशिवाय वर्गात कोणाकडेच नव्हती.

दावा आणि पुरावा वेगळे ठेवण्याचा हा धडा आमच्या गावातच आहे. मुकुंदराजांची समाधी इथे, त्यांच्या ‘विवेकसिंधू’चा काळ शके 1110 म्हणजे इ. स. 1188 सांगितला जातो. पण वैनगंगेकाठचं आंभोराही मुकुंदराजांवर हक्क सांगतं, आणि ग्रंथाच्या काळाबद्दलही अभ्यासकांचं एकमत नाही. गावाचा अभिमान जरूर बाळगावा, पण परीक्षणात तो उजव्या रकान्यात लिहिता येत नाही.

ॲन फेल्डहाउस यांनी केलेलं ढेरे यांच्या ग्रंथाचं इंग्रजी भाषांतर 2011 साली ऑक्सफर्डनं काढलं. परदेशातले अभ्यासक या मांडणीची चिकित्सा करू शकतात, मग बीड जिल्ह्यातल्या मुलांनी का करू नये? बिनधास्त करा. फक्त पुस्तक ग्रंथालयात परत देण्याआधी प्रत्येक मुद्द्याचा पान क्रमांक टिपून घ्या; सबमिशनच्या आठवड्यात ती एकुलती प्रत दुसऱ्याच्या नावावर गेलेली असते.