प्रोग्रॅमिंग भाषांच्या परिषदा: कुठली निवडावी, तिथे काय करावे

सप्टेंबर १९८७. अमेरिकेतल्या पोर्टलंड शहरात फंक्शनल प्रोग्रॅमिंगवरची परिषद चालू होती. एकमेकींसारख्याच डझनभराहून अधिक भाषा तेव्हा निरनिराळ्या विद्यापीठांत वाढत होत्या आणि प्रत्येकीचे वापरणारे मूठभर. परिषदेदरम्यान काही मंडळी वेगळी बसली आणि समिती नेमून सर्वांची मिळून एक भाषा करायची, असे ठरले. १९९० साली त्या भाषेचा पहिला अहवाल आला. तीच हास्केल. त्या परिषदेतले शोधनिबंध आज कोणीही घरबसल्या वाचू शकतो, पण हास्केल जन्मली ती निबंधवाचनात नव्हे, या बैठकीत.

परिषद निवडताना हे लक्षात ठेवावे असे मला मनापासून वाटते. आता बहुतेक भाषणांचे व्हिडिओ काही आठवड्यांत फुकट पाहायला मिळतात. म्हणून ‘कुठली भाषणे ऐकायला मिळतील?’ यापेक्षा ‘माझ्या प्रश्नावर माझ्याशी बोलू शकतील अशी माणसे कुठे जमतात?’ असे विचारावे.

या परिषदांची मुख्य घराणी दोन. पहिले संशोधकांचे. एसीएम या संगणकशास्त्रज्ञांच्या संघटनेचा सिगप्लॅन नावाचा गट चार मोठ्या परिषदा भरवतो. पॉपल १९७३ साली बॉस्टनमध्ये सुरू झाली आणि ती साधारणपणे जानेवारीत असते. भाषांमागचे गणित, टाइप सिस्टिम, प्रोग्रॅम बरोबर असल्याच्या सिद्धता हा तिचा प्रांत. प्रोग्रॅम न चालवता त्याच्या वागण्याचा अंदाज बांधणारे ‘ॲब्स्ट्रॅक्ट इंटरप्रिटेशन’ १९७७ साली इथेच मांडले गेले. जूनमधली पीएलडीआय कंपायलर आणि अंमलबजावणीकडे झुकलेली. आयसीएफपी फंक्शनल भाषांची, दोन जुन्या परिषदा एकत्र करून १९९६ साली सुरू झालेली. चौथी ऊप्स्ला. नावात ‘ऑब्जेक्ट’ आहे म्हणून तिला तेवढ्यापुरती समजू नका. १९८६ साली ती ऑब्जेक्टच्या लाटेवर सुरू झाली, पण आज तिथे टेस्टिंगपासून प्रोग्रॅम पडताळणीपर्यंत सगळे येते. २०१० पासून ती स्प्लॅश या मोठ्या छत्राखाली भरते. चारही परिषदांचे निबंध आता एकाच नियतकालिकात छापले जातात आणि वाचायला पैसे पडत नाहीत.

निबंध तिथे पोचतो कसा, हे कळले की परिषदेचा स्वभाव कळतो. जानेवारीतल्या पॉपलसाठी निबंध आदल्या जुलैत पाठवावा लागतो. परीक्षकांना लेखकांची नावे आधी सांगितली जात नाहीत. अनेक परीक्षक अभिप्राय लिहितात, लेखक त्यांना उत्तर देतात, मग निवड होते. म्हणजे व्यासपीठावर तुम्ही जे ऐकता ते काम निदान सहा महिन्यांपूर्वी हातावेगळे झालेले असते आणि बोलणाऱ्याचे मन पुढच्या गोष्टीत गुंतलेले असते. म्हणून मधल्या सुटीत त्याला गाठून ‘सध्या कुठे अडलाय?’ एवढेच विचारा. छापील निबंधात नसलेले हमखास कळते.

दुसरे घराणे रोजचा कोड लिहिणाऱ्यांचे: पायकॉन, रुबीकॉन्फ, गोफरकॉन, सीपीपीकॉन. इथे पूर्ण संशोधन नव्हे, भाषणाचा छोटा प्रस्ताव पाहून निवड होते. त्यामुळे अनुभव अधिक ऐकायला मिळतात: लायब्ररी बदलताना काय मोडले, सर्व्हर भाराखाली कसा वागला. अमेरिकेतली पायकॉन २००३ पासूनची आणि पायकॉन इंडिया २००९ साली बंगळुरूत सुरू झाली. अशा आणखी परिषदाही आपल्याकडे आल्या आहेत. रुबीकॉन्फ इंडिया २०१३ साली पुण्यात आणि २०१४ साली गोव्यात भरली, गोफरकॉन इंडिया २०१७ आणि २०१८ साली पुण्यात. ब्रसेल्सची फॉसडेम या सगळ्यांत निराळी: तिकीट नाही, नावनोंदणीही नाही. विद्यापीठाच्या इमारतीत एकेका विषयाची एकेक खोली असते आणि ती भरली की दार बंद. तिथे हव्या त्या भाषणाच्या एक भाषण आधीच खोलीत जाऊन बसावे लागते.

आता निवड. ज्या परिषदेचा विचार चालला आहे तिचे मागच्या दोन वर्षांचे कार्यक्रमपत्रक उघडा आणि नुसती शीर्षके न पाहता सारांश वाचा. वाचताना ‘हे छान आहे’ वाटणे पुरेसे नाही. ‘याला मला काहीतरी विचारायचे आहे’ असे चार-पाच ठिकाणी वाटले तर ती परिषद तुमची. असे कुठेच वाटले नाही तर व्हिडिओ पाहा आणि पैसे वाचवा.

माझे ठाम मत असे की पहिली परिषद सर्वांत नावाजलेली नसावी. तुमचा प्रश्न सामावेल अशी सर्वांत लहान जागा शोधा. ती बरेचदा मोठ्या परिषदेच्या पोटातच असते. आयसीएफपीला जोडून हास्केल, ओकॅमल, अरलँग, स्कीम यांची स्वतंत्र सत्रे भरतात. तिथे अर्धवट कामही मांडता येते, ऐकणारे मोजके असतात आणि तुम्ही रोज वापरता त्या कंपायलरवर काम करणारी व्यक्ती शेजारच्या खुर्चीवर असू शकते. शेकडो लोकांच्या सभागृहात ज्याचे तोंड उघडणार नाही, तो इथे बोलता होतो.

विद्यार्थ्यांसाठी आणखी एक वाट आहे. २०१२च्या पॉपलपासून ‘पीएलएमडब्ल्यू’ नावाचे मार्गदर्शन सत्र घेतले जाते. या क्षेत्रात संशोधन कसे करतात ते तिथे अनुभवी लोक समजावून देतात आणि येण्यासाठी आर्थिक मदतही मिळू शकते. विद्यार्थी स्वयंसेवक झालात तर माइक फिरवणे, दारावर थांबणे अशा कामांच्या बदल्यात बहुधा नोंदणी शुल्क माफ होते. या अर्जांच्या तारखा परिषदेच्या कितीतरी आधी संपतात.

या मोठ्या परिषदा बहुधा युरोप आणि उत्तर अमेरिकेत फिरतात, मधूनच आशियात येतात. पॉपल २०१५ साली मुंबईत भरली होती आणि २०२५च्या ऑक्टोबरात आयसीएफपी व स्प्लॅश दोन्ही सिंगापूरला एकत्र झाल्या. असे वर्ष आले की इथल्या माणसाने विषय थोडा दूरचा असला तरी जावे, कारण प्रवासाचा आणि व्हिसाचा भार एकदम हलका होतो. युरोपात जायचे तर नोंदणी होताच आयोजकांकडून निमंत्रणपत्र मागवा. शेंगेन व्हिसाचा अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो. मुलाखतीची तारीख मिळायलाच वेळ जातो, तेव्हा शेवटच्या महिन्यावर ढकलू नका.

तिथे पोचल्यावर सगळी सत्रे ऐकायचा हट्ट नको. आदल्या रात्री तीन-चार निबंधांची निदान प्रस्तावना वाचा, तेवढीच भाषणे पुढच्या रांगेत बसून ऐका आणि बाकीचा वेळ मोकळा ठेवा. जेवताना आपली मराठी बोलणारी माणसे भेटली तर आनंदच आहे, पण रोज त्याच टेबलावर बसू नका. पायथनवाल्यांत ‘पॅक-मॅन नियम’ रूढ आहे. घोळक्यात उभे राहताना एका माणसापुरती जागा उघडी ठेवायची, म्हणजे नवखा येऊन सामील होऊ शकतो. अशी फट दिसली की बेधडक जा.

अनेक परिषदांत पाच मिनिटांची लाइटनिंग टॉक असतात आणि बोलू इच्छिणाऱ्यांची नावे बरेचदा तिथेच घेतात. पहिल्यांदा बोलायला याहून सोपी जागा नाही. चार स्लाइड घरूनच करून न्या. आणि अमेरिकेतल्या पायकॉनला जात असाल तर परतीचे तिकीट भाषणे संपतात त्या दिवसाचे काढू नका. पुढचे काही दिवस तिथे स्प्रिंट चालतात: ओपन सोर्स प्रकल्पांचे लोक टेबले मांडून बसतात, खुद्द पायथनचे कोअर डेव्हलपरही त्यांत असतात, आणि नव्याला पहिला दोष दुरुस्त करायला शेजारी बसून शिकवतात. लॅपटॉपवर प्रकल्पाचा कोड आधीच उतरवून, बिल्ड करून नेलात तर पहिली सकाळ वाया जाणार नाही.