ऊसनोंद ‘ढगात’ गेली म्हणजे कुठे गेली?



ऊसनोंद मोबाईलवर सुरू झाल्यापासून गटात फिरताना एकच प्रश्न कानावर येतो, “साहेब, नोंद क्लाउडवर गेली म्हणता, पण ती आहे तरी कुठं?” प्रश्न रास्त आहे. लागणीच्या तारखेवर तोडीचा नंबर लागतो. तारीखच हरवली तर ऊस फडात वाळायचा.

‘क्लाउड’ म्हणजे ढग खरा, पण आकाशात काही ठेवलेले नसते. जमिनीवरच मोठ्या इमारतींत हजारो संगणक रात्रंदिवस चालू असतात. त्यांतली जागा व ताकद कंपन्या भाड्याने देतात. ॲमेझॉनने २००६ साली अशी सेवा सुरू केली. २०१६ पासून तिची केंद्रे मुंबईतही आहेत.

स्वतःची विहीर आणि उपसा सिंचन योजना यांत जो फरक, तोच इथे. विहिरीची खोदाई, मोटर, दुरुस्ती आपल्या डोक्यावर. योजनेत पाणी घ्यावे, पाणीपट्टी भरावी. साखर धंद्याला तर हे विशेष सोयीचे. हंगामात काट्याच्या पावत्या, तोडणी-वाहतुकीची बिले यांचा लोंढा, पावसाळ्यात शुकशुकाट. वाहने आपण हंगामापुरतीच करार करून लावतो ना? तशीच संगणकाची ताकद हंगामात वाढवून घ्यायची, पट्टा पडला की कमी करायची.

मात्र भाड्याची जागा घेतली म्हणून निर्धास्त राहता येत नाही. फ्रान्समधील स्ट्रासबर्ग येथे १० मार्च २०२१ रोजी ओव्हीएच कंपनीच्या केंद्राला आग लागून एक पाच मजली इमारत जळाली. ज्यांची दुसरी प्रत अन्यत्र होती त्यांचे काम पुन्हा उभे राहिले. नव्हती त्यांतल्या काहींची माहिती कायमची गेली. तेव्हा आपल्या नोंदींची दुसरी प्रत दुसऱ्या गावी आहे का, हे सभासदांनी वार्षिक सभेत जरूर विचारावे. उत्तर देणे आम्हा नोकरांचे कामच आहे.

आता तुमच्याकडचे काम. नोंद होताच गट नंबर, क्षेत्र, जात आणि लागणीची तारीख तिथेच बांधावर वाचून बघा. को ८६०३२ ऐवजी दुसरीच जात पडली, तर संगणक ती चूकही तितक्याच इमानाने जपतो. ओटीपी ही कुलपाची किल्ली समजा. ऊसबिल जमा करतो म्हणून फोनवर कुणी मागितला तरी सांगू नका. मोबाईल नंबर बदलला तर गट ऑफिसला कळवा. आणि नोंदीची कागदी पावती मागून घ्याच. रेंज नसली तरी ती वाचता येते.