मुक्त सॉफ्टवेअरचे कारागीर कोठे भेटतील?

संगणक आणि कामगार चळवळ यांचा संबंध काय, असे श्रोत्यांपैकी कोणी विचारील. संबंध असा, की संगणकाची आज्ञावली हेही माणसांच्या श्रमाचे फळ आहे. आणि जेथे श्रम आहेत तेथे ते कोण करतो, कोणासाठी करतो व त्याच्या पदरात काय पडते, हे विचारणे आम्हां कार्यकर्त्यांचे कामच आहे. मुक्त सॉफ्टवेअर बनविणारी माणसे प्रत्यक्ष पाहून त्यांच्यावर प्रबंध लिहावा, असे ज्या विद्यार्थ्यांच्या मनात आहे, त्यांच्यासाठी हे विवेचन आहे.

प्रथम ही वस्तू समजून घेऊ. सोलापुरी चादरीची नक्षी जेकार्डच्या भोके पाडलेल्या पुठ्ठ्यांवर असते. चादर घेणाऱ्यास चादर मिळते, पुठ्ठे मिळत नाहीत. आता असा कारखानदार कल्पा, की जो चादरीबरोबर पुठ्ठेही देतो आणि सांगतो, "नक्षी पाहा, हवी तशी बदला, शेजाऱ्यालाही द्या." मुक्त सॉफ्टवेअर ते हेच. १९८३ साली अमेरिकेत रिचर्ड स्टॉलमन यांनी तसा संकल्प जाहीर केला. १९९१ साली फिनलंडमधील लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने लिनक्सचा गाभा लोकांपुढे ठेवला. आज अँड्रॉइडच्या प्रत्येक मोबाइलमध्ये तो गाभा आहे.

हे काम बहुतेक घरी बसून होते आणि त्याची नोंदवही सर्वांस खुली असते. मग प्रत्यक्ष जाण्याचे प्रयोजन काय? प्रयोजन असे, की हजेरीपटावर कामगाराचे नाव असते, त्याचा थकवा नसतो. २०२४ च्या मार्चमध्ये 'एक्सझेड' नावाच्या एका लहानशा साधनात कोणी चोरदरवाजा बसविल्याचे उघडकीस आले. ते साधन जगभरच्या यंत्रांत होते, पण त्याची निगा मुख्यतः एका माणसाच्या फावल्या वेळेवर चालली होती. मदतीच्या मिषाने एक टोपणनावाचा मनुष्य दोन वर्षांहून अधिक काळ काम करून विश्वास मिळवीत राहिला. यंत्र अर्धा सेकंद उशीर का लावते, याचा अँड्रेस फ्रॉइंड या अभियंत्याने शोध घेतला, म्हणून अनर्थ टळला. नोंदवहीत त्या टोपणनावाचे काम चोख दिसत होते!

उलट, १९९३ पासून चालत आलेल्या 'डेबियन' या प्रकल्पातील सभासद एकमेकांस समक्ष भेटून, ओळखपत्र पाहून, मगच परस्परांच्या अंकीय किल्लीवर सही करीत आले आहेत. समक्ष भेटीस येथे असा अर्थ आहे. गॅब्रिएला कोलमन या विदुषीने याच मंडळींत वावरून, त्यांच्या संमेलनांस जाऊन अभ्यास केला व २०१३ साली त्यावर ग्रंथ प्रसिद्ध केला. डेबियनचे वार्षिक संमेलन २०२३ च्या सप्टेंबरात आपल्याच देशात, कोचीस भरले होते.

आता ठिकाणे. सोलापूरच्या विद्यार्थ्याने प्रथम सांगलीकडे पाहावे. तेथील वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालयात विद्यार्थ्यांचा लिनक्स गट आहे. पुण्यात लिनक्स वापरणाऱ्यांचा जुना गट आहे, पायथॉन भाषेत काम करणाऱ्यांच्याही बैठका होतात. हुतात्मा एक्सप्रेसने सकाळी निघून रात्री घरी येता येते. मुंबईच्या आयआयटीत 'फॉसी' हा प्रकल्प शिक्षणात मुक्त सॉफ्टवेअर आणण्याचे काम करतो. बंगळूरला 'इंडियाफॉस' हे संमेलन भरते. मात्र जुन्या माहितीवर विसंबून तिकीट काढू नये. बंगळूरचेच 'फॉस डॉट इन' हे गाजलेले संमेलन २०१२ नंतर बंद पडले. गेल्या सहा महिन्यांत गट खरोखर जमला होता काय, हे विचारूनच निघावे.

तेथेही एक भेद ध्यानात धरावा. काही गट सॉफ्टवेअर वापरावयास शिकवितात, काही ते बनवितात वा त्याचे मराठीकरण करतात. एकात शिकवणीचे वर्तन दिसेल, दुसऱ्यात उत्पादनाचे. आपला प्रश्न कोणता, त्यावर निवड करावी. दोन दिवसांच्या संमेलनात उत्सव दिसतो. रोजचा व्यवहार पाहावयाचा तर महिन्याच्या लहान बैठकीस निदान चार-पाच वेळा जावे.

गिरणीच्या दारात वही घेऊन येणारे पुष्कळ आम्ही पाहिले. काही एका दुपारी येत, आपल्याच प्रश्नांची उत्तरे लिहून नेत आणि पुन्हा तोंड दाखवीत नसत. अशांना कामगार खरे सांगत नाही. म्हणून पहिल्याच दिवशी आपण कोण, कशासाठी आलो, हे सर्वांसमक्ष सांगावे; परवानगी मागावी; नाव छापावयाचे तर ज्याचे त्यास विचारावे. नुसते कोपऱ्यात बसू नये. खुर्च्या मांडाव्यात, एखादे पान मराठीत आणून द्यावे. हाताने काम केले म्हणजे माणूस मोकळा बोलतो.

आणि काय पाहावे? सभागृहाची किल्ली कोणाकडे आहे, चहाचे पैसे कोण देतो, बोलणे इंग्रजीत चालते की मराठीत, बाया किती आल्या व त्यांपैकी बोलल्या किती, हे पाहावे. मुख्य म्हणजे पगाराचा प्रश्न टाळू नये. हे सारे स्वयंसेवेचे काम आहे असे म्हणतात. पण लिनक्सच्या गाभ्यावर काम करणाऱ्यांपैकी पुष्कळांस मोठ्या कंपन्यांचा पगार आहे. तेव्हा पगारी कोण, बिनपगारी कोण, आणि बिनपगारी माणूस आजारी पडला तर त्याचे काम कोण करतो, हे विचारावे. जो वस्तू फुकट वाटतो त्याने स्वतः फुकट राबावे, असा अर्थ 'मुक्त' या शब्दातून निघत नाही.

शेवटी, लिहून झालेल्या प्रबंधाची एक प्रत त्या मंडळींच्या हाती द्यावी. १९६५ साली धनंजयराव गाडगीळ यांचा सोलापूर शहराच्या सामाजिक व आर्थिक अभ्यासाचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. आपले शहर असे अभ्यासिले गेले आहे. आता येथील मुलामुलींनी दुसऱ्यांच्या श्रमाचा अभ्यास तितक्याच आस्थेने करावा, एवढेच आमचे सांगणे आहे.